नंबर वाढतो म्हणे!

आपल्या भाषेने चष्मेवाल्यांवर एक जुना अन्याय करून ठेवला आहे. एखाद्या पुढाऱ्याला उद्याचे काही सुचत नसले, एखाद्या गृहस्थाने आजच्या चार आण्यांपायी उद्याचा रुपया घालवला, की आपण त्याला खुशाल 'ऱ्हस्वदृष्टीचा' म्हणून मोकळे होतो. उलट 'दूरदृष्टी' हा केवढा थोर गुण! विज्ञानाचे शिक्षक गैरहजर असले की त्यांचा दहावीचा तास कधी कधी माझ्या वाट्याला येतो. नेत्रदोषांचा धडा निघाला आणि 'दूरदृष्टिता' हा शब्द दोषांच्या यादीत फळ्यावर चढला, की वर्गात हशा पिकतो. "बाई, मग दूरदृष्टीचे पुढारी सगळे चष्मेवाले का हो?" असे एकाने मला विचारले होते. प्रश्न चुकीचा नव्हता. ज्याला ऱ्हस्वदृष्टी किंवा लघुदृष्टी म्हणतात त्या माणसाला जवळचे उत्तम दिसते. सुईत दोरा तो एका झटक्यात ओवतो. दिसत नाही ते लांबचे. आणि त्यात त्याच्या अकलेचा काडीइतका संबंध नसतो.

मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेली, मुलांना मराठी शिकवणारी आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारी बाई. राहते भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कात. पण वर्षानुवर्षे फळ्यापुढे उभे राहिले, की समोरच्या पन्नास तोंडांत कोणाला दिसते आहे आणि कोण दिसल्याचे सोंग करते आहे, एवढे पुस्तकावाचूनही कळू लागते. म्हणून या दिवाळीत, फराळाची ताटे भरलेली असताना, मला भांडण काढायचे आहे. ते कोणा माणसाशी नाही, एका वाक्याशी आहे. ते वाक्य मी जिन्यात ऐकले आहे, पालकसभेत ऐकले आहे, हळदीकुंकवाला ऐकले आहे: "चष्मा लावू नका हो तिला, लावला की नंबर वाढतो!"

वाढतो म्हणे! हे कोणी पाहिले? कोणी मोजले? मोजणाऱ्यांनी मोजले आहे आणि त्यांचे उत्तर निराळेच निघाले आहे. पण त्याआधी नंबर म्हणजे काय, हे दोन घटका समजून घेऊ. ज्या शब्दाची आपल्याला एवढी धास्ती, त्याचा अर्थ मात्र विचारायला जात नाही, ही आपली रीतच आहे.

तान्ह्या मुलाच्या डोळ्याचा गोळा पुढून मागे सुमारे सोळा-सतरा मिलिमीटर असतो. मूल वाढते तसा तोही वाढतो आणि मोठ्या माणसात तेवीस-चोवीस मिलिमीटरांवर थांबतो. पुढे पारपटल आणि भिंग, मागे दृष्टिपटल. समोरून आलेल्या प्रकाशाची प्रतिमा नेमकी मागच्या पडद्यावर पडावी इतक्या बेताने ही वाढ व्हावी लागते. काही मुलांत ती जिथे थांबायची तिथे थांबत नाही. गोळा लांबट होतो, पडदा मागे सरकतो, आणि लांबच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच जुळून पडद्यावर धूसर होऊन पोचते. एक मिलिमीटर जास्त वाढ झाली तर सुमारे अडीच-तीन नंबर लागतो. नाचणीच्या एका दाण्याएवढा हा फरक, पण त्यापायी मुलाचा सारा फळा पुसला जातो.

नंबराचा हिशेब तर इतका सोपा आहे, की तो चौथीच्या मुलाला यावा. वजा एक नंबर असला तर चष्म्यावाचून स्पष्ट दिसण्याची हद्द एक मीटर. वजा दोन असला तर अर्धा मीटर. वजा चार असला तर पंचवीस सेंटिमीटर. म्हणजे एक वीत आणि वर दोन बोटे. त्यापलीकडे जग आहे, पण कडा नसलेले. आता वर्गातला शेवटचा बाक फळ्यापासून किती मीटरवर असतो ते तुम्हीच मोजा आणि वजा दोनची मुलगी तिथे बसून काय शिकत असेल ते सांगा. चष्म्याचे अंतर्गोल भिंग एवढेच करते, की किरण थोडे पसरवून प्रतिमा मागे ढकलते, ती पडद्यावर नेऊन बसवते. हे नेमके कसे घडते ते केप्लरने १६०४ साली मांडून दाखवले. भिंग तर त्याच्याही आधीचे. राफाएलने १५१८ च्या सुमारास काढलेल्या दहाव्या लिओ पोपच्या चित्रात पोपसाहेबांच्या हाती ते दिसते. भिंग हातात धरल्याने त्यांची गादी काही गेली नाही.

गंमत ही, की ज्याला दिसत नाही त्याला आपल्याला दिसत नाही हे ठाऊक नसते. जन्मापासून दुसऱ्याचे डोळे कोणी लावून पाहिलेले असतात? मुलाला वाटते जग असेच असते. झाडाला पाने खाली पडल्यावरच येतात, वर असतो तो नुसता हिरवा डाग. म्हणून ते तक्रार करीत नाही. ते डोळे बारीक करते. पापण्यांच्या फटीतून प्रकाश कमी शिरतो आणि चित्र थोडे रेखीव होते, ही युक्ती त्याला कोणी शिकवलेली नसते. या आजाराचे पाश्चात्त्य नाव, मायोपिया, तेही ग्रीकांनी या डोळे मिटण्यावरूनच दिलेले. आणि आपण काय करतो? "डोळे मिचकावू नकोस, वाईट सवय!" म्हणून टपली मारतो.

माझ्या वर्गात सातवीला एक मुलगी होती. उंच, म्हणून शेवटच्या बाकावर. वही नीटनेटकी, पण शेजारणीच्या वहीवरून उतरवलेली. शेजारीण गैरहजर असली की हिची वही कोरी. तिला कोणी आळशी म्हणे, कोणी कॉपी करणारी. मी तिला पुढे बोलावले आणि फळ्यापासून पावलापावलाने मागे नेत वाचायला लावले. चौथ्या पावलाला ती थांबली. मी तिच्या आईला बोलावून घेतले. बाई कष्टाळू, दोन घरची धुणीभांडी करून आलेली. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाई, तुमचं खरं असंल. पण पोरीच्या जातीला चष्मा लागला तर उद्या हिला करणार कोण?"

मला त्या माऊलीचा राग आला नाही. तिने जे बोलून दाखवले ते शिकलेली, पाटीवर नाव लावलेली घरे मनात ठेवतात. विवाह जुळवणाऱ्यांचे फॉर्म पाहा. उंची, वर्ण, रक्तगट, आणि तिथेच कोठेतरी एक रकाना: 'चष्मा: आहे / नाही'. मुलाच्या बाबतीत 'आहे' लिहिले तर मुलगा अभ्यासू. मुलीच्या बाबतीत 'आहे' लिहिले तर माल डागी! ज्या देशाने गांधीजींचा चष्मा २०१४ साली स्वच्छतेच्या मोहिमेचे चिन्ह केला आणि पुढे नोटेवर छापला, ज्या महाराष्ट्रात बाबासाहेबांची चष्म्याशिवायची मूर्ती कोणी डोळ्यांपुढे आणू शकत नाही, तिथे तेच दोन काचेचे तुकडे मुलीच्या नाकावर आले की घराण्याला बट्टा कसा लागतो? बरे, चष्मा लावला नाही म्हणून मुलगी बिनचष्म्याची ठरते काय? ती फक्त न दिसणारी मुलगी ठरते. परीक्षेत मागे पडते, रस्ता ओलांडताना बिचकते, समोरून आलेल्या ओळखीच्या माणसाला ओळख देत नाही म्हणून शिष्ट ठरते. आणि हे सगळे करून शेवटी तोच मुलगा, तेच पोहे!

आता ते नंबर वाढण्याचे. नंबर वाढतो हे खरे आहे. पण तो चष्म्याने वाढत नाही. मूल वाढत असते म्हणून वाढतो. आठ वर्षांच्या मुलाचा डोळा अजून वाढायचा असतो, लांबट होण्याकडे त्याचा कल असला तर पंधरा-अठरा वर्षांपर्यंत तो आणखी लांबट होतो, चष्मा असो वा नसो. पावसाळ्यात छत्र्या निघतात म्हणून छत्रीने पाऊस पडतो असे कोणी म्हणत नाही. पण इथे शहाणीसुरती माणसे तेच म्हणतात. काही मुलांना मुद्दाम कमी नंबराचा चष्मा देऊन पाहावे, म्हणजे डोळ्याला 'सवय' लागणार नाही, अशी समजूत डॉक्टरांतही पुष्कळ दिवस होती. मलेशियात ते करून पाहिले. २००२ साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. कमी नंबराचा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर पुऱ्या नंबरवाल्यांपेक्षा अधिक भराभर वाढला होता! 'लावू नका, वाढेल' म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

दुसरी जात आहे ती चष्मा उतरवून देणाऱ्यांची. डोळ्यांवर तळवे ठेवा, डोळे गरगरा फिरवा, ज्योतीकडे टक लावा, अमुक अर्क घाला, आणि तीन महिन्यांत चष्मा खिडकीबाहेर फेका! यातले बरेचसे आपले प्राचीन ज्ञान आहे असे सांगतात. तळवे ठेवण्याचा नि डोळे फिरवण्याचा मोठा प्रसार केला तो न्यूयॉर्कच्या बेट्स नावाच्या डॉक्टराने. त्याचे पुस्तक १९२० चे. बाहेरचे स्नायू गोळा दाबतात म्हणून नंबर येतो, हा त्याचा सिद्धान्त साफ चुकीचा ठरला आहे. डोळे मिटून पाच मिनिटे स्वस्थ बसल्याने जिवाला बरे वाटते, जरूर बसावे. पण लांब झालेला गोळा कोणत्याही अर्काने आखूड होत नाही. गाजराचेही तेच. गाजरात जे सत्त्व आहे त्याच्या अभावी रातांधळेपणा येतो, म्हणून मुलाला गाजर, पपई, हिरवा पाला अवश्य द्या. ते खाऊन नंबर उतरला असता, तर एव्हाना गाजराचा हलवा औषधांच्या दुकानात मिळाला असता.

आणि लेझर? लग्न ठरायच्या बेताला घाईघाईने करून घेतात ती शस्त्रक्रिया चांगली आहे, योग्य वयात योग्य डोळ्याला ती चष्म्यापासून सुटका देते. पण तिने पुढच्या पारपटलाचा आकार बदलतो. मागचा ताणलेला गोळा ताणलेलाच राहतो. हे इतके स्पष्ट सांगण्याचे कारण असे, की नंबर वजा सहाच्या पुढे गेला की गोष्ट नुसत्या काचेची राहत नाही. ताणलेल्या डोळ्यात पडदा पातळ होतो, कधी फाटतो, सुटतो. काचबिंदूची भीती वाढते. डोळ्यांपुढे विजा चमकू लागल्या, काळे ठिपके एकाएकी वाढले, बाजूने पडदा ओढल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दिवाळी संपल्यावर बघू म्हणू नये. शस्त्रक्रिया झालेल्या सुनेने 'माझा नंबर गेला' म्हणून ही तपासणी सोडणे आणि सासरी कळेल म्हणून आधीचा नंबरच न सांगणे, याची किंमत कधी कधी एका डोळ्याने मोजावी लागते.

इथपर्यंत आजीबाईंशी भांडले. आता जरा स्वतःला सुशिक्षित समजणाऱ्यांशी. "आमच्या घराण्यातच आहे" असे ते म्हणतात. घराण्यात असतो हे खोटे नाही. आईबापांना असला तर मुलांना येण्याचा संभव वाढतो. पण तैवान, सिंगापूर, दक्षिण कोरिया इथे दोन पिढ्यांत चष्मा इतका पसरला, की तिथल्या कित्येक शहरांत शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांत शंभरांतली ऐंशी-नव्वद चष्मेवाली असतात. घराणी दोन पिढ्यांत बदलत नाहीत. बदलला तो मुलांचा दिवस. सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास, रात्री गृहपाठ, आणि मध्ये जी फट राहते तिच्यात मोबाइल. जगाचा हिशेब मांडणाऱ्या तज्ज्ञांनी २०१६ साली अंदाज केला, की हे असेच चालले तर २०५० पर्यंत निम्मी माणसे लघुदृष्टीची असतील. आपल्याकडे दिल्लीच्या शाळांतली सुमारे दहा हजार मुले तपासून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: शंभरांत तेरांना लघुदृष्टी, आणि त्या तेरांपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या नाकावर योग्य चष्मा. बाकीचे 'नंबर वाढू नये' म्हणून वाढवीत बसलेले!

यावर उपाय निघाला आहे आणि तो इतका स्वस्त आहे, की त्याला कोणी मान देत नाही. चीनमधल्या ग्वांगझूला बारा शाळा घेतल्या. सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटांचा एक जादा तास दिला, पण वर्गाबाहेर, आकाशाखाली. तीन वर्षांनी पाहिले: नेहमीच्या शाळांत शंभरांतल्या सुमारे चाळीस मुलांना नव्याने लघुदृष्टी आली होती, उघड्यावर नेलेल्यांत तीसांना. हे २०१५ साली छापून आले. तैवानने तर २०१० पासूनच शाळकरी मुलांनी दिवसाला दोन तास बाहेर काढावेत असा कार्यक्रम घेतला आणि तिथले चढत चाललेले आकडे पुढील काही वर्षांत उतरू लागले. बाहेर खेळलेच पाहिजे असेही नाही. बंद सभागृहात बॅडमिंटन खेळून हा लाभ मिळत नाही, आणि झाडाखाली नुसते बसून मिळतो. काम करतो तो उजेड. वर्गातल्या दिव्यांचा उजेड मोजला तर काही शे लक्स भरतो. बाहेर ढगाळ दिवशीही तो दहा हजारांच्या घरात असतो. तेज उजेडात दृष्टिपटलातून डोपामिन नावाचे द्रव्य स्रवते आणि ते गोळ्याच्या वाढीला आवर घालते, असे शास्त्रज्ञ मानतात. मी कादंबऱ्या लिहिणारी; मुलांनी वाचू नये असे माझ्या तोंडून कसे निघेल? वाचा, पण गॅलरीच्या काचेमागे नको, बाहेर कट्ट्यावर बसून वाचा.

इथे पुन्हा मुलगी आडवी येते. "उन्हात काळी पडेल!" म्हणजे पाहा: काळी पडू नये म्हणून तिला घरात ठेवायचे, घरात राहिल्याने चष्मा लागण्याचा संभव वाढवायचा, आणि लागला की लग्नात अडेल म्हणून तो लावू द्यायचा नाही. तिन्ही बाजूंनी तिलाच कोंडायचे आणि वर कौतुकाने सांगायचे, "आमची फार घरकोंबडी हो!"

आता आमच्या जेसल पार्काविषयी. मुंबईच्या खोलीतून बाहेर पडून माणसे भाईंदरला आली ती मोकळी हवा मिळेल म्हणून. मिठागरांचा हा मुलूख, पूर्वी इथून तिथवर नजर जाई. आज इमारतीला इमारत लागली आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या खिडकीतून दिसते ती समोरची खिडकी. नजर फेकावी म्हटले तर वीस हातांवर शेजाऱ्यांच्या ओल्या टॉवेलला अडते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात शाळेला खेळाचे मैदान हवे असे लिहिले आहे. इमारतीच्या तळमजल्यावर भरणाऱ्या किती शाळांना ते आहे, हे ज्यांची मुले तिथे जातात त्यांना माहीत आहे. पी. टी.चा तास वेळापत्रकात असतो. चाचणी जवळ आली की तो गणिताला जातो, आणि यावर आजवर एकाही पालकाने तक्रार केल्याचे मी ऐकलेले नाही. गणिताचा तास पी. टी.ला दिला असता तर दुसऱ्या दिवशी मोर्चा आला असता.

पण आमच्यापाशी वसईची खाडी आहे. चौपाटीवर उभे राहिले की समोर पाणी, पाणजूचे बेट, पुलावरून धडधडत विरारकडे जाणारी लोकल, आणि हवा स्वच्छ असली तर मागे तुंगारेश्वराचे डोंगर. पैसे पडत नाहीत. संध्याकाळी तिथे माणूस मावत नाही, पण अंधार पडल्यावर. आणि मुलाच्या हातात बहुधा त्याला गप्प ठेवणारा मोबाइल. उजेडाचा उपयोग उजेड असतानाच होतो. सुट्टीत सकाळी नाश्ता झाला की त्यांना तिथे सोडा. पुलावरची गाडी बारा डब्यांची की पंधरा डब्यांची, हे मोजायला लावा. एक भाऊ पटकन सांगतो आणि दुसरा डोळे बारीक करून "दिसत नाही" म्हणतो, असे झाले तर त्याला रागावू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. नुसते दुकानातल्या यंत्रावर भागवू नका. लहान मुलाचा डोळा जोर लावून यंत्रालाही फसवतो, म्हणून डॉक्टर थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि मग मोजतात. नंबर निघालाच तर वाढीचा वेग कमी करणारे थेंब आणि खास भिंगे आज मिळतात. ती कोणाला द्यावीत हे तेच ठरवतील. उघडी हवा चष्मा येणे लांबवते. आलेला चष्मा ती घालवीत नाही, हेही लक्षात असू द्या, नाही तर उद्या चौपाटीवर 'चष्मा उतरवा' म्हणून पाटी लागायची!

पैशाची अडचण सांगणाऱ्यांना एक सांगते. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे. त्यात शाळेतल्या मुलांचे डोळे तपासून गरजूंना मोफत चष्मा देण्याची सोय आहे. शाळेत तपासणी होते तेव्हा मूल हजर असेल एवढे पाहा. आणि मिळालेला चष्मा 'फुटेल' म्हणून ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवू नका. तो नाकावर फुटला तरी चालेल.

दिवाळी आहे म्हणून किल्ल्यांचे. पूर्वी चाळीच्या अंगणात चार-चार दिवस मुले उन्हात बसून चिखल कालवीत, बुरूज रचत, अळीव पेरत. डोळ्यांना याहून चांगला व्यायाम कोणत्या डॉक्टराने सांगितला असता? आता किती सोसायट्यांतून त्याला मनाई आहे: आवार घाण होते, गाड्यांना जागा राहत नाही. बाजारातून तयार प्लास्टरचा किल्ला आणायचा नि दिवाणखान्यात टीपॉयवर मांडायचा! आमच्या सोसायटीच्या सभेत मी हा विषय मांडला. दोन गाड्यांची जागा चार दिवस मुलांना द्या, म्हटले. एक गृहस्थ उठून म्हणाले, "मग गाड्या कुठे उभ्या करायच्या?" या प्रश्नावर पाऊण तास चर्चा झाली आणि ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला. पुढची सभा दिवाळीनंतर आहे. मुलांनी मात्र वाट पाहिली नाही. पाण्याच्या टाकीमागे त्यांनी माती आणून टाकली आहे. रखवालदाराला मी सांगून ठेवले आहे, की कोणी विचारले तर ती बाईंची माती म्हणून सांग.